बगदादची बातमी आणि समोरचं दार

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं होती आणि त्यांची दारं समोरासमोर होती. एका घरात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. दुसऱ्यात काका आणि काकी. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. गाव अलिबागच्या बाजूला, बोलणं आमच्यासारखंच मराठी, जेवणात आमच्यासारखाच भात, मासे आणि ओलं खोबरं. वेगळं एवढंच की शुक्रवारी संध्याकाळी काकी दिवे लावायच्या आणि मग त्यांच्या धर्माप्रमाणे शनिवार मावळेपर्यंत त्या घरात काडी पेटायची नाही. शनिवारी सकाळी त्यांचा स्टो पेटवून चहा ठेवायला मी जायचे. शाळेत होते तेव्हापासून ते माझं काम होतं. पुढे अंधेरीला एका औषध कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले तरी ते सुटलं नाही.

बाबा मालवणकडचे. आधी गिरणीत होते, मग साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करू लागले. तिथल्याच एका ओळखीच्या माणसाने त्यांना इराकचं काम सांगितलं. बगदादच्या बाहेर पाण्याच्या मोठमोठ्या पाइपलाइन टाकायच्या होत्या आणि चांगला वेल्डर हवा होता. बाबा गेले. आईने त्यांच्याबरोबर कोकमं, सुके बांगडे आणि कुळथाचं पीठ दिलं आणि विमानतळावरून परत आल्यावर देवासमोर बसून राहिली.

काका-काकींचा एकुलता एक मुलगा त्याच्याही आधी इस्रायलला गेला होता. मी त्याला दादा म्हणायचे. तो तिथे लष्करात भरती झाला, मग एका विमानतळावर मेकॅनिक म्हणून राहिला. लढाऊ विमानांचा विमानतळ आहे, एवढंच काकींना माहीत होतं.

घरचं माणूस परदेशात असलेल्या दोन बायका समोरासमोर राहत असल्या की जे होतं तेच झालं. दुपारी दोन्ही दारं उघडी आणि मध्ये दोघी तांदूळ निवडत बसलेल्या. एकदा काकींनी माझा शाळेतला जुना नकाशा मागून घेतला. बगदाद शोधायला आम्हाला थोडा वेळ लागला. मग काकींनी इस्रायलवर एक बोट ठेवलं, बगदादवर दुसरं, आणि आईला म्हणाल्या, "बघ गं, किती जवळ आहेत दोघं. तुझ्या नवऱ्याला काही लागलं-सवरलं तर माझा मुलगा आहे तिथे."

आईला ते खरंच वाटलं. मलाही त्यावर हसू आलं नाही. एकाच मजल्यावरची दोन माणसं परक्या मुलखात एकमेकांच्या जवळ आहेत, एवढंच आम्हाला कळत होतं. मधल्या वाळवंटात कोणाचं कोणाशी वैर आहे, ते नकाशात दिसत नव्हतं.

नंतर इराक-इराणचं युद्ध सुरू झालं. बाबांनी कळवलं की लढाई सरहद्दीवर आहे, आमचा कॅम्प लांब आहे, काळजी करू नये. आई काळजी करत राहिली आणि आम्ही दिवस काढत राहिलो.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा आई ओट्याजवळ उभी होती आणि रेडिओ चालू होता. बातमी अशी होती की इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची अणुभट्टी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केली. तिथे अणुबॉम्ब बनवायची तयारी चालली होती, असा त्यांचा संशय होता. इराकचं म्हणणं होतं की भट्टी संशोधनासाठी आहे. आईने पुढचं काही ऐकलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "बगदादजवळ म्हणजे कुठे गं?"

मला माहीत नव्हतं. तेवढ्यात काका आपला ट्रान्झिस्टर हातात घेऊन दारात आले. ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. संध्याकाळी परदेशी स्टेशनं लावून बातम्या ऐकायचा त्यांना नाद होता. त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. त्यात दुष्टपणा नव्हता. खूप दिवसांची धास्ती उतरल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

"वहिनी, ऐकलंत ना? काम बरोबर केलं त्यांनी," ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"उद्या त्यातून बॉम्ब निघाला असता तर तो कोणाच्या डोक्यावर पडला असता? माझ्या पोराच्या. आता सुटलो."

आई एरवी शेजारीपाजारी मुंबईची मराठी बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून मालवणीच आली. "माझो घोव थंय आसा. आणि तुमी बरा झाला म्हणतास?"

काका गोंधळले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, असं मला वाटतं. बाबा बगदादला आहेत हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्या क्षणी त्यांच्यासमोर फक्त स्वतःचा मुलगा होता. ते म्हणाले, "तसं नाही वहिनी. शहरावर नाही टाकला बॉम्ब. मोजून तेवढ्याच जागेवर टाकला. तुमच्या माणसाला काही होणार नाही."

"तुमका कोणी सांगल्यान?"

काकांनी ट्रान्झिस्टर बंद केला. काकी त्यांच्या मागे येऊन उभ्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, त्या काही म्हणतील म्हणून थांबली. काकींनी पदर तोंडाशी धरला आणि खाली पाहिलं. आईने दार लावून घेतलं. दिवसाउजेडी आमचं दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बाबांना पाठवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा सगळे कामगार सुखरूप आहेत असं सांगण्यात आलं. बाबांचं पत्र मात्र आलं नाही. वर्तमानपत्रात येत होतं की जवळजवळ सगळ्या देशांनी हल्ल्याचा निषेध केला. मेले ते थोडेच, काही इराकी सैनिक आणि एक फ्रेंच तंत्रज्ञ. आमच्या ऑफिसातही त्यावर बोलणं व्हायचं. बरेच जण म्हणायचे, हिंमत पाहिजे, यार. आपल्याकडे अशी हिंमत नाही. मी टाइप करत राहायचे. मेलेल्या त्या मोजक्या माणसांसाठी कोणी हळहळत नव्हतं, आणि ते साहजिक होतं. मीही त्यांत फक्त एकाच माणसाला शोधत होते.

शनिवारी सकाळी मी आईला विचारलं, स्टो पेटवायला जाऊ का. ती म्हणाली, "तुझं तू बघ." मी गेले. काकींनी नेहमीसारखी पातेल्यात पाणी भरून तयारी ठेवली होती. काका खिडकीशी बसले होते. मी पंप मारत असताना ते आपणहून बोलू लागले.

"तुला पण राग आलाय?"

"काका, नुसत्या संशयावरून?" मी म्हटलं. "खात्री कुठे होती कोणाला?"

"खात्री होईपर्यंत थांबायचं म्हणजे बॉम्ब पडेपर्यंत थांबायचं. मग खात्री कोणाला सांगणार?" ते शांतपणे म्हणाले. "इथे आमच्या केसाला कधी कोणी धक्का लावला नाही. मी हे कोणालाही छातीठोक सांगीन. पण तिकडे युरोपात आमचे लोक थांबले होते. बघू, एवढं काही होणार नाही, म्हणत थांबले होते. त्यांचं काय झालं ते तू शाळेत शिकली असशील."

आजही मला ते म्हणणं सहज खोडता येत नाही. मी फक्त म्हणाले, "पण माझे बाबा थांबलेले नव्हते ना कुठे. ते पाइप जोडत होते."

काकींनी माझ्या हातातून पातेलं घेतलं. "पुरे आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरीला कामाला जायचंय."

ते वर्ष तसंच गेलं. आई आणि काकी जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन वाट द्यायच्या. गणपतीत काकींनी पहिल्यांदा आमच्याकडे नारळ पाठवला नाही, आणि त्यांच्या घरून प्रसादाचा पोह्यांचा मलिदा येणं बंद झालं. बाबांची दोन ओळींची एक चिठ्ठी मध्येच आली, तब्येत बरी आहे एवढीच. अक्षर त्यांचं वाटत नव्हतं. आई ते अक्षर उजेडात धरून पाहायची आणि घडी करून ठेवून द्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात तार आली आणि बाबा परत आले. विमानतळाच्या दारातून जो माणूस बाहेर आला त्याला आधी मी ओळखलं नाही. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. "आजारी होतो," ते म्हणाले. त्यांच्या शर्टाची बटणं आई लावून द्यायची. वेल्डिंगचा तर प्रश्नच उरला नाही.

खरं काय ते त्यांनी हळूहळू सांगितलं, एकदा थोडं, मग बऱ्याच दिवसांनी आणखी थोडं. त्यांच्या कॅम्पवर कामगारांना ने-आण करणारा एक इराकी ड्रायव्हर होता. बाबांची त्याच्याशी चांगली मैत्री झाली होती. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती, पण तुटक हिंदी, तुटक अरबी आणि हातवारे यांवर भागायचं. तो बाबांना घरून खजूर आणायचा. घरच्या गोष्टी निघाल्या तेव्हा बाबांनी त्याला सहज सांगितलं होतं, आमच्या समोरच्या घरातला मुलगा इथून जवळच असतो, पलीकडे, इस्रायलमध्ये, लढाऊ विमानांच्या विमानतळावर मेकॅनिक आहे. काकींनी आईला जे सांगितलं तेच आईने त्यांना कळवलं होतं, आणि त्यांनाही त्यात धीर वाटला होता.

ज्या संध्याकाळी बॉम्ब पडले तेव्हा बाबा कॅम्पात आंघोळीच्या रांगेत उभे होते. विमानं कोणाला दिसण्याआधीच स्फोट झाले. पायाखालची जमीन हलली, मग सगळीकडून तोफा आकाशाकडे धडधडू लागल्या. ड्रायव्हरचा धाकटा भाऊ त्या भट्टीच्या पहाऱ्यावरच्या तोफेवर होता. तो मेला.

ड्रायव्हर काही दिवस आला नाही. बाबा त्याच्या घरी भेटायला जाऊन आले. तिथे बायका रडत होत्या, पुरुष भिंतीला टेकून बसले होते, कोणीतरी बाबांना कडू कॉफी दिली. बाबा म्हणाले, "मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने माझा हात धरला होता."

त्यानंतर काही दिवसांनी साध्या कपड्यांतली दोन माणसं आली आणि बाबांना गाडीत घालून घेऊन गेली. एकच प्रश्न होता. इस्रायलमध्ये तुझा कोण आहे? बाबा सांगत राहिले, शेजाऱ्याचा मुलगा. त्याला तू काय कळवलंस? काही नाही. मग तो लढाऊ विमानांच्या तळावर काम करतो हे तुला कसं माहीत? आणि ते खरंच बाबांना माहीत होतं. नाही म्हणता आलं नाही. किती महिने ते कोठडीत होते ते त्यांनी नीट कधीच सांगितलं नाही. कंपनीने खटपट करून सोडवलं, एवढंच म्हणाले.

"त्या ड्रायव्हरने घात केला तुमचा," आई म्हणाली.

"त्याचा भाऊ गेला होता गं," बाबा म्हणाले. "त्याला संशय आला. येणारच."

काकांना हे कधीतरी कळणार होतंच. एका रविवारी दुपारी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आई आत निघून गेली, पण बाबांनी त्यांना बसायला सांगितलं. काकांनी बाबांच्या हाताकडे पाहिलं. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त, आणि आवाज न चढवता. दोन शेजारी गावाकडची भानगड बोलत बसावेत तसं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पोरामुळे."

"पोराने काय केलं? मीच बोललो."

"मी त्या दिवशी वहिनींना म्हणालो की बरोबर केलं."

"कळलं मला."

"आता तुमच्यासमोर बसून मला म्हणता यायला पाहिजे की चूक होतं ते." काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "नाही म्हणता येत हो. रोज रात्री मनात येतं, ती भट्टी तशीच असती तर? तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल."

बाबा म्हणाले, "चहा घ्या." आईने आतून चहा आणला नाही. मीच केला. दोघांनी तो घेतला.

बाबांना मग मुलुंडच्या एका कारखान्यात गेटवर बसायचं काम मिळालं. ते जायचे, यायचे, फारसं बोलायचे नाहीत. ऐकू येत नसल्याने लोकही त्यांच्याशी कमी बोलायचे. एकदाच मी त्यांना चारचौघांत बोलताना पाहिलं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असावी. पाकिस्तान अणुबॉम्ब बनवतंय अशा बातम्या तेव्हा सारख्या येत. एका संध्याकाळी गच्चीवर इमारतीतले पुरुष जमले होते, मी वाळत घातलेले कपडे काढत होते. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आपणही इस्रायलसारखं करायला पाहिजे, बनण्याआधीच उडवून टाकायचं, वाट लावून टाकायची त्यांची. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बाबा कठड्याशी उभे होते. गच्चीवरून ट्रॉम्बेच्या बाजूचे डोंगर दिसत आणि हवा स्वच्छ असेल तेव्हा त्यांच्या पायथ्याची आपली अणुभट्टीही दिसे, पांढऱ्या गोल घुमटाची. बाबांनी तिकडे हात केला.

"आणि त्यांना हिचा संशय आला तर?"

"आपली शांततेसाठी आहे," एक तरुण शेजारी बाबांना म्हणाला.

"इराकवालेही तेच सांगत होते."

कोणीतरी हसून म्हणालं, "तुम्ही म्हणजे फारच घाबरता." बाबांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. समोरचे काकाही तिथे होते. ते कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत. उतरताना त्यांनी बाबांचा दंड धरला, कारण जिन्यातला दिवा गेलेला होता आणि बाबांचा तोल आताशा जात असे.

शहाऐंशीत काका-काकींनी घर विकलं आणि ते मुलाकडे निघाले. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकी आमच्याकडे आल्या. पाच वर्षांत त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी आईला नारळाच्या रसाचा हलवा दिला. आईने तो घेतला आणि त्यांना बसायला पाट दिला.

"त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," काकी म्हणाल्या.

"काय बोलली असतीस?"

काकींनी विचार केला. "माहीत नाही गं. मला पण सुटल्यासारखंच वाटलं होतं."

आईने मान हलवली. त्यानंतर काकी बराच वेळ बसल्या होत्या. सकाळी आई खाली टॅक्सीपर्यंत गेली. त्या दोघींचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. त्यात मिटवण्यासारखं काही नव्हतं, एवढंच दोघींना कळलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात दादा आला. काका तिकडे वारले होते. गावची जमीन कागदोपत्री निकालात काढायला तो आला होता आणि कोणालाही न कळवता आमच्या दारात उभा राहिला. जाड झाला होता, केस गेले होते, मराठी बोलताना मध्येच अडखळत होता. आईने त्याला जेवायला थांबवलं. सुरमई आणली होती. तो खाली पाटावर बसला, बाबा त्याच्यासमोर डाव्या हातात चमचा घेऊन. त्याने एकदा बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं.

आईने त्याला भात वाढला. आमटी वाढली. मग उभी राहूनच विचारलं, "तू होतास का रे तेव्हा? त्या विमानांपाशी?"

दादाने घास हातातच ठेवला.

"आमचं काम पेट्रोल भरायचं आणि तपासणी करायची, मावशी. कुठे जाणार ते कोणी सांगत नसे. त्या दिवशी टाक्या जास्तीच्या लावल्या, तेव्हा लांब जाणार एवढं कळलं. परत आली तेव्हा सगळे मिठ्या मारत होते. मीही मारल्या."

"मी बगदादला आहे हे तुला ठाऊक होतं?" हे बाबांनी विचारलं. ते त्याच्या ओठांकडे बघत होते.

"आईने कळवलं होतं. हो." तो थोडा थांबला. "रात्री आठवलं मला. तुम्ही तिकडेच कुठेतरी आहात म्हणून. पण आधी आठवलं असतं तरी मी काय करणार होतो?"

बाबांनी मान हलवली. म्हणजे काय ते मला कळलं नाही. त्याचं म्हणणं पटलं, की ऐकू आलं, की फक्त पुरे झालं.

"जेव," ते म्हणाले. "गार होतंय."

तो जेवला. पान स्वच्छ केलं, आपल्याकडच्यासारखं. जाताना त्याने आईच्या पायांना हात लावला, आणि बाबांच्या पायांना लावायला वाकला तेव्हा बाबांनी त्याला मध्येच धरलं आणि पाठीवर थोपटलं. समोरच्या घरात आता दुसरी माणसं राहत होती. दारावर नवा रंग होता, नवी पाटी होती. दादा तिथे क्षणभर थांबला, बेलवर हात ठेवून मागे घेतला आणि जिना उतरून गेला.

आई पाणी टाकून जमीन पुसत होती. "परत येईन म्हणाला का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

बाबा खुर्चीत बसले होते, न ऐकू येणारा कान आमच्या बाजूला करून. दिवे लागायची वेळ झाली होती, पण आमच्यापैकी कोणीच दिवा लावायला उठलं नाही.